दर वीस मिनिटांनी

भावाचा फोन आला तेव्हा मी हुणसूरच्या स्टँडवर उभ्या बसच्या सावलीत बसून डबा खात होते. म्हैसूर-हुणसूर ही माझी लाइन. सव्वीस वर्षं मी सरकारी बसमध्ये कंडक्टर आहे, त्यातली शेवटची नऊ याच रस्त्यावर. भाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो, लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. फोन करतो तो रविवारी. तो दिवस मंगळवार होता, म्हणून हातातला घास खाली ठेवून मी फोन उचलला.

"पोरीला तुझ्याकडे पाठवू का काही महिने?" त्याने एकदम विचारलं.

"आणि तिचं कॉलेज?"

"सध्या बंद आहे. तिला लघवीचं इन्फेक्शन होतंय सारखं. इथली हवा मानवत नाही तिला."

पोरगी जन्मली तिथे, वीस वर्षं वाढली तिथे. तिला तीच हवा एकाएकी का मानवेनाशी झाली, हे मी विचारायला हवं होतं. पण ड्रायव्हरने हॉर्न दिला, माणसं चढायला लागली. मी म्हटलं, "पाठव की. विचारतोस काय?"

तिला आणायला आम्ही दोघं नवरा-बायको शेजाऱ्यांची गाडी घेऊन बंगळूरच्या विमानतळावर गेलो. शेवटची पाहिली तेव्हा ती बारा वर्षांची, गुबगुबीत, सतत काहीतरी खाणारी होती. आता जी मुलगी बाहेर आली तिच्या गळ्याची हाडं दिसत होती आणि अंगात बापाचा असावा असा ढगळ स्वेटर होता. मला मिठी मारली, यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आत्या, मला आधी बाथरूमला जायचंय." जाऊन आली. सामान गाडीत ठेवेपर्यंत पुन्हा गेली.

रस्त्यात ती बिडदीला उतरली, मग रामनगरला, चन्नपट्टणला, मद्दूरला. आम्ही मुद्दाम जुन्या रस्त्याने चाललो होतो. मी पुढच्या सीटवरून सांगत होते, "इथे नको, दोन मिनिटं थांब, पुढे डाव्या हाताला एक हॉटेल आहे, मागच्या बाजूला आहे, पाणी असतं." मंड्याला गाडी थांबली तेव्हा तिने थकल्या चेहऱ्याने पण हसत विचारलं, "आत्या, तुला सगळी टॉयलेट्स कशी माहीत?"

"माझं कामच ते," मी म्हटलं.

आणि ते खरं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्यात बायका बोटांवर मोजण्याइतक्या. सकाळी सहाला बस सुटायची. ड्रायव्हर आणि पुरुष कंडक्टर कुठल्याही झाडामागे जाऊन यायचे, मी कुठे जाणार? पहिली काही वर्षं मी दुपारपर्यंत पाणीच प्यायचे नाही. त्यातून मुतखडा झाला, दोनदा ताप डोक्यात गेला. मग शहाणी झाले. प्रत्येक स्टॉपला एक घर, एक हॉटेल, एक शाळा जोडून ठेवली. सहा वर्षं मी बंगळूर लाइनवर होते, तो सगळा रस्ता मला असा दारांवरून पाठ आहे. हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात? पण त्या दिवशी पोरीने ते लक्ष देऊन ऐकलं.

म्हैसूरातलं आमचं घर लहान. पुढच्या खोलीत यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंप, पंखे, मिक्सर यांच्या जळलेल्या मोटरींना हे नवी तांब्याची तार भरतात. मागे दोन खोल्या, वर गच्ची. पोरीला मी न्हाणीघराच्या शेजारची खोली दिली. रात्रंदिवस दाराची कडी वाजत राही. दर वीस मिनिटांनी. मी घड्याळ लावून पाहिलं नाही, पण सव्वीस वर्षं स्टॉप मोजलेल्या बाईला वेळ आपोआप कळतो.

मी बार्लीचं पाणी करून दिलं, धने भिजवून दिले, ताक दिलं. ती सगळं मुकाट्याने प्यायची. "साकु, आत्या," म्हणायची. साकु म्हणजे पुरे. हा शब्द कानडी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. आम्ही जुन्या म्हैसूरच्या फौजेतल्या मराठ्यांचे वंशज. घरी बोलतो ते मराठी, पण त्यात निम्मं कानडी कधी मिसळलं ते आम्हालाही सांगता येणार नाही. भावाने तेच इंग्लंडला नेलं आणि मुलीला मराठी म्हणून शिकवलं. वरच्या गल्लीत पुण्याहून आलेल्या एक बाई राहतात, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. हे लिखाण वाचून त्यांनी माझे बरेच शब्द दुरुस्त केले. काही मी पुन्हा घातले.

दहाव्या दिवशी दुपारी मी ड्यूटीवरून आले तर पोरगी न्हाणीघरात भिंतीला डोकं टेकून बसलेली. दार उघडंच होतं. खाली पाण्यात रक्ताचे धागे होते. मी गणवेशही बदलला नाही. तशीच रिक्षा केली आणि तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण पन्नाशीची, शांत बोलणारी होती. सोनोग्राफीचा कागद पाहून तिने मला कानडीत सांगितलं, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा." मी उठले. तेवढ्यात पोरीने माझा हात धरला.

"राहू द्या तिला," ती म्हणाली. "तिला कळायला पाहिजे."

मग डॉक्टरणीने तिला इंग्रजीत विचारलं, "केटामीन?"

पोरीने मान डोलावली.

"किती दिवस?"

"अठरा वर्षांची असल्यापासून. रोज म्हणाल तर दीड वर्ष."

मला इंग्रजी तिकिटापुरतं आणि थोडं वर येतं. केटामीन हा शब्द मला माहीत नव्हता. मला वाटलं, तिकडच्या एखाद्या गोळीचं नाव असेल, इन्फेक्शनची. डॉक्टरणीने माझा चेहरा पाहिला आणि माझ्याकडे वळून कानडीत समजावलं. ऑपरेशनच्या वेळी माणसाला गुंगी आणायचं ते औषध. जनावरांनाही देतात. इंग्लंडात पोरं त्याची पूड नाकातून ओढतात. ते रक्तातून लघवीत उतरतं आणि मूत्राशयाला आतून भाजत जातं. मग ती पिशवी कडक होते, आक्रसते. "तुमच्या भाचीच्या पिशवीत आज चहाच्या पेल्याइतकंसुद्धा मावत नाही," ती म्हणाली. "म्हणून तिला सारखं जावं लागतं."

"बरी होईल?"

"पूर्ण थांबवलं तर बरीच सुधारेल. पहिल्यासारखी होईल असं मी सांगणार नाही. पण वय लहान आहे, आणि ती वेळेवर थांबली आहे. थांबली आहेस ना?" शेवटचं तिने पोरीला विचारलं.

"विमानात बसायच्या आदल्या दिवसापासून," पोरगी म्हणाली.

घरी आल्यावर मी गच्चीवर गेले आणि भावाला फोन लावला. माझा आवाज चढला होता.

"इन्फेक्शन म्हणालास तू मला!"

तो म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

"घेतली असती. पण मग दहा दिवस बार्लीचं पाणी पाजत बसले नसते. पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं."

"मला लाज वाटली गं," तो म्हणाला, आणि पलीकडे रडायला लागला. पंचावन्न वर्षांचा माणूस. मला पुढे भांडता येईना.

त्याचं लपवणं मला नवीन नव्हतं. आमचे वडील प्यायचे. दुपारपासून प्यायचे आणि संध्याकाळी खाटेवर आडवे. आई शेजारीपाजारी सांगायची की त्यांना दम्याचा त्रास आहे. आम्ही दोघं भावंडंही शाळेत तेच सांगायचो. मास्तर विचारायचे, वडील का आले नाहीत, तर भाऊ उभा राहून म्हणायचा, "दमा आहे सर." वडील त्यातच गेले, आणि शेवटपर्यंत त्यांना डॉक्टरकडे नेलं ते दम्याच्याच. त्या दिवशी गच्चीवर मी ठरवलं की या वेळी असं करायचं नाही. कुणी विचारलं तर खरं सांगायचं, आणि विचारलं नाही तर दवंडीही पिटायची नाही.

यांना मी जेवताना सांगितलं. हे मितभाषी आहेत. ऐकून घेतलं, भात संपवला आणि म्हणाले, "उद्यापासून तिला दुकानात बसू दे माझ्याजवळ. एकटी खोलीत नको."

तेव्हापासून सकाळी ती यांच्या समोर लाकडी स्टुलावर बसू लागली. यांना ती मामा म्हणे. यांनी तिला तारेचे वेढे द्यायला शिकवलं. एका हाताने हँडल फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या बोटांतून तार सरळ सोडायची आणि वेढे मोजायचे. एकही चुकला तर मोटर नीट चालत नाही. ती मोजायची इंग्रजीत, हे कानडीत. अधेमधे तिला उठावं लागे. पहिल्यांदा ती तशीच पळाली आणि येऊन रडकुंडीला आली, "मामा, आकडा गेला." यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खडूने लिहिलं होतं, चौऱ्याऐंशी. पुढे ती उठली की हे भिंतीवर आकडा लिहून ठेवायचे आणि ती आली की तिथून पुढे सुरू व्हायचं. महिन्याभरात ती भिंत खांद्याच्या उंचीपर्यंत आकड्यांनी भरून गेली.

डॉक्टरणीने गोळ्या दिल्या, आणि दर आठवड्याला नळीने मूत्राशयात औषध सोडायला बोलावलं. ते दुखायचं. शिवाय मनाच्या डॉक्टरकडेही दर गुरुवारी जायचं होतं. तिथे मी बाहेर बसायचे. आत काय बोलते ते मी कधी विचारलं नाही. पण एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना ती आपणहून सांगायला लागली. थोडं मराठी, थोडं इंग्रजी, असं.

चौदाव्या वर्षी बागेत बाकावर बसून मैत्रिणींबरोबर सफरचंदाची दारू प्यायली, ती पहिली. "सगळेच पितात गं तिथे. कुणाच्या आईलाही त्याचं काही वाटत नाही." मग युनिव्हर्सिटीला गेली. सहा जण मिळून एका घरात राहायचे. दारूपेक्षा ही पूड स्वस्त पडते आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखत नाही, असं एकाने सांगितलं. आधी शनिवारी, मग आठवड्यातून तीनदा. "ते घेतलं की मी माझ्यापासून लांब जायचे. बरं वाटायचं लांब." मग पोटात कळा यायला लागल्या. त्या कळा थांबवायला काय? तर तेच. पूड घेतली की दुखणं थांबे, आणि पूड घेतली म्हणूनच दुखणं वाढे. परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तासांत आठ वेळा उठली. चौथ्या वेळी पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, कॉपी करतेस का? ती पेपर टाकून निघून आली आणि परत गेलीच नाही.

"आणि तुझे बाबा?"

"बाबांना खूप उशिरा कळलं. त्यांना मी यूटीआय सांगितलं होतं."

म्हणजे इन्फेक्शन हा शब्द मुळात तिचाच होता. तो आधी तिने बापाला सांगितला आणि खरं कळल्यावरही बापाने तोच मला सांगितला.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस मी बिळीकेरेला तिकिटं देत असताना यांचा फोन आला. हे कधी ड्यूटीवर फोन करत नाहीत. "पोरगी घरात नाही. दीड तास झाला. फोन घरीच ठेवून गेलीय."

बसमध्ये साठ माणसं, मी मध्येच उतरणार कशी? मशीनमधून तिकीट काढत होते आणि डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. म्हैसूरला पोचले, ड्रायव्हरला सांगून हिशेब पुढे ढकलला आणि घरी धावले. ती दुकानाच्या पायरीवर बसली होती. हे शेजारी उभे होते, हातात पाण्याचा तांब्या.

"आत्या, मी आले परत," ती म्हणाली. "ओरडू नकोस आधी. ऐक."

मी ऐकलं. ती गोकुळमला गेली होती, जिथे योगासाठी आलेले परदेशी लोक राहतात. आदल्या आठवड्यात तिथल्या कॅफेत तिला एक इंग्लिश मुलगा भेटला होता. तो म्हणाला होता, माझ्या ओळखीत एक जण आहे, मिळवून देईल. पुढच्या आठवड्यात याच दिवशी चार वाजता अमक्या कोपऱ्यावर ये.

"गेलीस?"

"गेले. कोपऱ्यावर उभी राहिले. आणि मला लागली. इतकी जोरात की मला उभं राहता येईना. आजूबाजूला काही नव्हतं, फक्त घरं. एक बाई अंगणात नळाखाली भांडी घासत होती. मी फाटक उघडून आत गेले आणि म्हटलं, अम्मा, बाथरूम, अर्जंट, प्लीज. तिने एक शब्द विचारला नाही. हात धरून आत नेलं."

"मग?"

"मला बाहेर यायला वेळ लागला, दुखत होतं. बाहेर आले तर तिने खुर्ची मांडलेली. म्हणाली, बस. मज्जिगे दिलं. म्हणजे ताक, मला कळलं. मग विचारलं, तू कुणाची? मी म्हटलं, माझी आत्या बसमध्ये कंडक्टर आहे, हुणसूरच्या. ती म्हणाली, हुणसूर माझं माहेर! आणि मग ती बोलतच सुटली, आत्या. मला निम्मं कळलं नाही. घड्याळात पाहिलं तर पाच वाजले होते."

"आणि तो माणूस?"

"नाही पाहिलं. मी दुसऱ्या बाजूने चालत आले." मग ती म्हणाली, "मी घेतलं असतं, आत्या. मला लागली नसती तर मी घेतलं असतं. तुला खरं सांगतेय."

मी रागावले होते, घाबरलेही होते, पण ती मला खरं सांगत होती आणि तेही परत आल्यावर लगेच. आमच्या घरात असं कुणी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. यांनी तांब्या आमच्या मध्ये ठेवला आणि आत निघून गेले.

दुसऱ्या रविवारी पेढे घेऊन आम्ही दोघी त्या बाईंकडे गेलो. त्यांचे आम्ही फक्त आभार मानले. त्यांनी नको नको म्हणत दोन्ही हातांनी पेढे घेतले.

पुढच्या गुरुवारी मनाच्या डॉक्टरणीने आम्हा दोघींना आत बोलावलं. पोरीला दुपारच्या वेळा जड जातात, तेव्हा ती एकटी नको, आणि नुसती घरातही नको, असं ती म्हणाली. मूत्राशयाच्या डॉक्टरणीने आधीच सांगितलं होतं की आता कळा कमी झाल्यात तर थोडं थोडं थांबायची सवय लावायची. वीस मिनिटांची पंचवीस, पंचवीसची तीस. वहीत वेळ लिहायची. पोरीला हे अजिबात जमत नव्हतं. घरात न्हाणीघर दहा पावलांवर, मग थांबायचं कशासाठी?

मी म्हटलं, "माझ्या बसने चल."

आमच्या राज्यात बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण त्याला इथलं ओळखपत्र लागतं. हिच्याकडे इंग्लंडचा पासपोर्ट. त्यामुळे बसभर बायका फुकट आणि सख्ख्या भाचीला मी तिकीट फाडून दिलं. बायका हसल्या. एक म्हणाली, "अक्का, घरच्यांनाही सोडत नाहीस!"

पहिल्या दिवशी ती येलवाळला उतरली, शहर संपतं तिथेच. तिथे शाळेच्या मागे राहणाऱ्या शिपाईणबाईंना मी फोन करून ठेवला होता. पोरगी उतरली, तिकडे गेली आणि उलट्या बसने म्हैसूरला आली. आठवडाभर तेच. मग एकदा ती येलवाळला उतरलीच नाही. खिडकीजवळच्या सीटवर बसून पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून राहिली. मी दोन माणसांआड उभी राहून तिकिटं देत तिच्याकडे पाहत होते. तीन-चार किलोमीटरवर तिने आता नाही, अशी मान हलवली. मी शिट्टी दिली. ड्रायव्हरने एका शेताजवळच्या घरापाशी बस थांबवली.

ड्रायव्हर माझ्याहून लहान, तोंडाने फटकळ. तो दोन आठवडे पाहत होता. पंधराव्या दिवशी हुणसूरला चहा पिताना त्याने विचारलं, "अक्का, त्या मुलीला नेमकं झालंय काय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात पोरगीच म्हणाली, आपल्या मोडक्या कानडीत, "मी वाईट औषध घ्यायचे. आता नाही. पोट खराब झालं. बरं होतंय." त्या दिवशी ती मध्ये दोनदा उतरून का होईना, पहिल्यांदा हुणसूरपर्यंत आली होती.

ड्रायव्हरने चहाचा घोट घेतला. "माझा भाऊ दारू सोडून चार वर्षं झाली," तो म्हणाला. "पहिलं वर्ष आम्ही त्याला शेतावर ठेवला होता, माझ्या आईने सोडलंच नाही त्याला नजरेआड." मग पोरीला म्हणाला, "तू फक्त हात वर कर. मी कुठेही थांबवीन."

त्या पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबाखूची रोपं कमरेएवढी झाली होती. मग पानं खुडायला सुरुवात झाली, ती वाळवायच्या भट्ट्यांमधून गोडसर वास यायला लागला. बसमध्ये चढणाऱ्या मजूर बायका आता पोरीला ओळखू लागल्या होत्या. तिला जागा द्यायच्या, तिचे केस ओढून पाहायच्या, "लग्न कधी?" विचारायच्या. तिने त्यांच्याकडून इतकं कानडी उचललं की मला म्हणायची, "आत्या, हे तू चुकीचं बोललीस." तिचे गाल भरले. ढगळ स्वेटर कधीतरी कपाटात गेला.

नोव्हेंबरात एका बुधवारी ती म्हैसूरहून निघाली आणि हुणसूरच्या स्टँडपर्यंत एकदाही उतरली नाही. सव्वा तास. बस थांबली तशी ती आधी धावली, हे खरं. पण परत आली ती नाचतच. ड्रायव्हरने दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. काय झालं हे न कळता चार-पाच बायकांनीही वाजवल्या.

डिसेंबरात भाऊ तिला न्यायला आला. विमानतळावर त्याने मुलीला पाहिलं आणि काही क्षण ओळखलंच नाही, असं तो नंतर म्हणाला. घरी आल्यावर तो दुकानात बसला. भिंतीवरचे खडूचे आकडे पाहून "हे काय?" विचारलं, तेव्हा पोरीने सांगितलं. सगळंच सांगितलं. गोकुळमचं, त्या मुलाचं, ताकाचं. मी आत पोळ्या लाटत होते आणि लाटणं थांबवून ऐकत होते. भाऊ मध्ये मध्ये "हं" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "तिकडे लोकांना काय सांगायचं, मला तेच कळत नव्हतं."

"तू नको सांगू," ती म्हणाली. "मी सांगेन. माझं आहे ते."

मग भावाचा आवाज आला, हळू. "तुझ्या आजोबांना दमा नव्हता," तो म्हणाला. आणि त्याने तिला आमच्या वडिलांबद्दल सांगायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत आम्ही दोघं भावंडं त्यावर एकमेकांशीही बोललो नव्हतो. मी हात पुसले आणि बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसले. त्याला आठवत नव्हतं ते मी सांगितलं.

ती जाऊन आता दीड वर्ष होईल. घरच्यांबरोबर राहते, जवळच्याच कॉलेजात नव्याने पहिल्या वर्षाला बसली आहे. सहा जणांच्या त्या जुन्या घरातल्या कुणाला भेटत नाही. एकदा एका लग्नात दोन पेले वाइन घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन करून सांगितलं. पण मी ओरडले नाही. विचारलं, पुढे काय करणार आहेस? ती म्हणाली, आज मनाच्या डॉक्टरकडे जातेय. गेलीही. तिकडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पिशवी बरीच सैलावली आहे, मात्र नेहमीपेक्षा जरा लहानच राहील. सिनेमाला गेली तर कडेची खुर्ची घेते, एवढंच. माझ्या मनातली भीती गेली आहे असं मी म्हणणार नाही. भावाचा फोन अवेळी वाजला की मी अजून दचकते.

गेल्या रविवारी तिचाच फोन आला. पलीकडे पाऊस पडत होता, तो ऐकू येत होता.

"काय केलंस आज?" मी विचारलं.

"काही नाही. सकाळी उठले, कपडे धुतले, बाबांबरोबर टीव्ही पाहिला. मग झोपले. खूप बोअर झालं, आत्या." मग ती म्हणाली, "छान होता दिवस."

"जेवलीस?"

"अजून नाही. बाबा बिसिबेळे भात करतायत. करपलाय बहुतेक."

मागून भाऊ ओरडला, "करपला नाहीये!" मग दोघं हसायला लागले आणि फोन तसाच चालू ठेवून भात पाहायला गेले.